कासव रुसत नाही

डिसेंबरात इंदापूरहून बहिणीचा फोन आला. "भाईजान, कासवं आठ दिवस झाले काहीच खात नाहीत. पोरगं रडतंय." भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत दुकानातून दोन पिल्लं आणली होती. हिरवी पाठ, डोळ्यांमागे लाल पट्टा. रविवारी मी बारामतीहून एसटीने गेलो.

घरात सल्ल्यांची कमी नव्हती. कुणी चपाती टाकली होती, कुणी दुधात भिजवलेला पाव. शेजारी म्हणाले, रुसलीत, भूक लागली की खातील. दुकानदार म्हणाला, दुसरा खाऊ न्या. एका पाहुण्यांनी तर सांगितलं, उजनीत सोडा, सवाब मिळेल.

मी भाषेचा शिक्षक, जनावरांचा डॉक्टर नाही. पण पुस्तकं चाळून आणि डॉक्टरांना विचारून एक गोष्ट पक्की कळली. कासवाने खाणं सोडलं तर आधी खाऊ बदलायचा नाही, त्याची जागा तपासायची. त्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की पचन थांबतं आणि भूक मरते. अशा वेळी जबरदस्तीने भरवलेलं पोटातच सडतं.

बहिणीच्या घरी टब फरशीवर, खिडकीखाली होता. पाणी बर्फासारखं. आम्ही छोटा हीटर आणि थर्मामीटर आणून पाणी २६ अंशांच्या आसपास आणलं. एका कडेला वीट ठेवली, वर साधा बल्ब लावला, म्हणजे पिल्लं बाहेर येऊन शेकतील. सकाळचं कोवळं ऊन रोज थोडा वेळ द्यायचं ठरवलं, पण काचेतून नाही. हाडांना आणि पाठीला लागणारे किरण काच अडवते. उन्हात ठेवताना निम्म्या टबावर सावली हवीच, नाहीतर पिल्लू भाजून निघतं.

मग खाणं. ही जात पाण्यातच गिळते, कोरड्यात घास उतरत नाही. नुसत्या वाळक्या कोळंबीवर पोषणही होत नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात आणि मग दिसेनासं झालं की खाणं आणखी सुटतं. शेणखतातले गांडूळ धुऊन, बारीक करून टाकले. दोघांना वेगळं ठेवलं, कारण मोठं पिल्लू लहानाला जवळ येऊ देत नव्हतं. चौथ्या दिवशी मोठ्याने तोंड उघडलं, सहाव्या दिवशी लहानाने. डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले किंवा पोहताना एका बाजूला कलायला लागलं, तर मात्र घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर. आणि टबाला हात लावला की साबणाने धुवायचे. कासवामुळे मुलांना साल्मोनेलाचा आजार होतो, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी घातली.

आता उजनीचं. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. सोडलं की ते आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. यात सवाब कसला? दुसरीकडे, आपल्याकडची कासवं, पाठीवर चांदण्या असलेलं असो वा ओढ्यात सापडलेलं, भरभराट होते म्हणून घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात असेल तर उपचार करत बसू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा.

मांजरीला कोंडून ना खायला दिलं, ना मोकळं सोडलं, म्हणून एका बाईला अजाब झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. टबातलं कासवही कोंडलेलंच असतं. ते ओरडत नाही, एवढाच फरक.

माझा राग मुलांवर नाही. दीडशे रुपयांत पिल्लू विकताना ते फूटभर वाढतं, वीस-तीस वर्षं जगतं, हे न सांगणाऱ्यांवर आहे. आणि न विचारणाऱ्या आपल्यावरही. भाचा दहा वर्षांचा आहे. नीट सांभाळली तर ही कासवं त्याच्या लग्नातही असतील. परवा तो म्हणाला, "मामू, अजून एक आणू?" बहिणीने माझ्याआधीच नाही म्हटलं.