गिनी कोंबडीचा स्वभाव व आपली अपेक्षा

गिनी कोंबडीविषयीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत एकच तक्रार ऐकूं येते. ती ही कीं, हा पक्षी दाणा घरचा खातो आणि होतो रानाचा. कास्तकार मोठ्या हौसेनें चार-सहा वाढलेले पक्षी विकत आणतात, त्याच दिवशीं अंगणांत सोडतात, आणि आठ दिवसांत ते दिसेनासे झाले म्हणजे त्यांच्या जातीस बोल लावतात. हा बोल आम्हांस अन्यायाचा वाटतो.

या पक्ष्याचें मूळ घर आफ्रिकेंतील माळरान. तेथें तो थव्यानें जमिनीवर चरतो, रात्रीं झाडावर बसतो, आणि शत्रूची चाहूल लागतांच सारा थवा एकदम ओरडूं लागतो. ग्रीक व रोमन लोकांनींही तो पाळला होता, तरी त्याचा भित्रेपणा फारसा गेला नाहीं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी या जाती पुढें आणल्या. रंग निरनिराळे झाले, स्वभाव मात्र तोच राहिला. फेरफारांत नांव चढलें कीं जमीन आपली झाली, असें आमच्या जुन्या खात्यांत चालत असे. येथें नुसते दाम मोजून मालकी येत नाहीं.

मोठे पक्षी आणणारानें ते निदान ६ आठवडे बंद खुराड्यांत ठेवलेच पाहिजेत. पुढें एकदम सर्व न सोडतां एक-दोन सोडावे. आंत राहिलेल्या सोबत्यांना टाकून बाहेरचा पक्षी सहसा दूर जात नाहीं. याहून बरा मार्ग अंड्यांपासून आरंभ करण्याचा. गांवठी कोंबडीचीं अंडीं २१ दिवसांत फुटतात, हिचीं फुटण्यास २६ ते २८ दिवस लागतात. म्हणून जी खुडूक कोंबडी मध्येंच उठत नाहीं तीच निवडावी. अशा कोंबडीमागें वाढलेलीं पिल्लें दिवेलागणीस तिच्याबरोबर घरीं येण्यास शिकतात. ओल मात्र या पिल्लांचा काळ होय. बांध्या भरल्या, गवत भिजलें, कीं तीं गारठून मरतात. तेव्हां उन्हाळ्याच्या आरंभींचीं पहिलीं अंडींच बसवावीं, म्हणजे मृगापर्यंत पिल्लांच्या अंगावर पिसें आलेलीं असतात.

संध्याकाळीं ठराविक वेळीं खुराड्यांतच मूठभर कणी टाकावी. अंधाऱ्या खुराड्यांत शिरण्यास हा पक्षी धजत नाहीं. आंत कंदील अगर विजेचा लहान दिवा असावा. इतकें केलें नाहीं तर तो चिंचेवर जाऊन बसतो, आणि ज्या गांवांना कोका किंवा नागझिऱ्याचें रान जवळ आहे, तेथें चिंचेवरचा पक्षी सकाळीं सांपडेल याची हमी कोणीं द्यावी?

कित्येक जण पंख छाटून हा प्रश्न सोडवूं पाहतात. यास आमचा स्पष्ट विरोध आहे. कुत्र्यापुढें व मुंगुसापुढें उडून जाणें एवढाच त्याचा बचाव; तोही आपण काढून घ्यावा काय? पाय धरून पकडण्याची रीतही तशीच वाईट. तंगडी सहज लचकते, आणि तसें धरणारास हा पक्षी पुढें जवळ येऊं देत नाहीं. दोन्ही हातांनीं पंखांसकट अंग धरावें.

इतकें करूनही ती गाईसारखी गरीब होईल असें आम्ही म्हणत नाहीं. तशी होऊं नये, असेंच आमचें मत आहे. अनोळखी माणूस, साप, घार, कांहींही दिसलें तरी ती ओरडते, आणि हा भित्रेपणाच राखणीच्या कामीं येतो. धुऱ्यावर, मामा तलावाच्या पाळीवर ती दिवसभर नाकतोडे व किडे टिपते. गोचिडीही वेचते, त्यांचा नायनाट होईल असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. मादीची हाक दोन अक्षरी, नराची एकाच अक्षराची; नर-मादी ओळखण्यास ही खूण सोपी आहे.

ओरडण्यावरून शेजाऱ्यांत तंटे होतात हें खरें. गांवठाणांत जेथें भिंतीस भिंत लागून घरें आहेत, तेथें हा पक्षी पाळूंच नये. शेतांतील गोठ्याशीं पाळावा. राखणदार रात्रीं तेथेंच निजत असेल तर उत्तम.