परत काय येतं?

मित्रमैत्रिणींनो, टेम्प्लेट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? जर्नलमधलं एक प्रॅक्टिकल! दोन संख्यांतली मोठी शोधा, आऊटपुट चिकटवा, सरांची सही घ्या, संपलं. मीही तेच केलं होतं. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आमच्या होस्टेलची मेस मुलीच चालवतात. गेल्या सेमला मेस सेक्रेटरी ताई म्हणाली, "तू कॉम्प्युटरची ना? मग हिशोबाचा प्रोग्राम लिहून दे." मी नुकतीच टेम्प्लेट शिकले होते. उत्साहात सी प्लस प्लसमध्ये फंक्शन लिहिलं: एकूण भागिले हजेऱ्या. दोन्हींचा टाइप टी, रिटर्न टाइपही टी. तांदळावर तपासून पाहिलं. २६२.५ किलो, १७५०.० हजेऱ्या, उत्तर ०.१५ किलो. एकदम बरोबर!

मग महिन्याचा खर्च घातला: ९८,९५० रुपये, हजेऱ्या १,७५०. दोन्ही पूर्णांक, म्हणून टी झाला इंट. उत्तर आलं ५६. खरं उत्तर सुमारे ५६ रुपये ५४ पैसे. वरचे पैसे गुपचूप गळून गेले. ना एरर, ना वॉर्निंग. ५६ च्या दराने बिलं निघाली, जमा झाले ९८,००० आणि ९५० रुपये कमी पडले. बोटं कुणाकडे वळली असतील? ताईकडे! ती कुणाला काही बोलली नाही, पण दोन दिवस जेवायला खाली आली नाही.

चूक सापडल्यावर मी रिटर्न टाइप डबल केला. तरी ५६च! कारण भागाकार आधीच इंटमध्ये होऊन गेला होता. दूध सांडल्यावर मोठं पातेलं आणून काय उपयोग? भागण्याआधी रक्कम डबल केली, तेव्हा कुठे ५६.५४२९ आलं.

काही जण म्हणतील, २०१४ च्या स्टँडर्डपासून रिटर्न टाइपच्या जागी नुसतं ऑटो लिहिलं तरी चालतं, कंपायलर ओळखतो. ओळखतो खरं, पण रिटर्नपुढच्या एक्स्प्रेशनचा टाइप, आपल्या मनातला हेतू नाही. इंट भागिले इंट म्हणजे ऑटोसुद्धा इंटच. उत्तर डबल व्हेरिएबलमध्ये घेतलं, म्हणून टी डबल होत नाही. टी ठरतो तो आपण आत काय पाठवलं त्यावरून.

म्हणून सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवाला टेम्प्लेटची डेफिनिशन विचारू नका, ती आम्हाला पाठ आहे! दोन इंट द्या, मग दोन डबल द्या आणि विचारा, "परत काय येईल?" आणि आपणही, दोस्तांनो, आऊटपुट चिकटवण्याआधी एकदा तरी कागदावर भागाकार करून बघूया. चालणारा प्रोग्राम आणि बरोबर प्रोग्राम यांत फरक असतो.

होस्टेलच्या मीटिंगमध्ये उभी राहून मी चूक कबूल केली. ७० जणींत प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १४ रुपये आले आणि हिशोब मिटला. पण ताईवर घेतलेला दोन दिवसांचा संशय? तो कुठल्या टाइपमध्ये परत करायचा, ते मला अजून समजलेलं नाही.