विटेवरची प्रतीक्षा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरचे हे अंतर मोटारीने काही तासांत कापता येते, हे वारकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. तरीही तो दिवे घाट पायी चढतो. दहा मिनिटांत किराणा दारात आणि मोबाइलवर कर्ज खात्यात, अशी सवय जडलेल्या आपल्या मध्यमवर्गीय घरांना या चालण्याचा अर्थ नव्याने समजून घ्यावा लागेल.

वारकरी बहुतांशी शेतकरी आहे. पाऊस वेळेवर झाला तर तो पेरणी आटोपूनच दिंडीत सामील होतो. पेरणीची घाई किती महाग पडते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? पहिल्या सरीने माती भिजली, शेजाऱ्याने पाभर जुंपली, की मन चळते. पण पावसाने मध्येच ओढ दिली तर उगवलेले कोंब करपतात. बियाणे गेले, खत गेले, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार! म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. जमिनीला वापसा यावा लागतो, हे आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वीच ओळखले होते. नांगरट, कुळवणी, बियाण्याची निवड ही माणसाची कामे. ती चुकवून आभाळाकडे हात जोडणाऱ्याला आपल्याकडे भक्त नव्हे, आळशी म्हणतात. मात्र ती पूर्ण केल्यावर पावसाची तारीख ठरविण्याचा अधिकार आपला नाही.

आपण ज्याच्या भेटीला उतावीळ होतो, तो देवच मुळी थांबलेला आहे. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता. दारी आलेल्या परब्रह्माला त्याने वीट भिरकावली आणि त्यावर उभे राहण्यास सांगितले. देव रागावला नाही, कर कटेवर ठेवून उभा राहिला. ज्या दैवताची ओळखच प्रतीक्षा ही आहे, त्याच्या दर्शनाला ओळखीची चिठ्ठी घेऊन रांग ओलांडणारे सुशिक्षित कुटुंब नेमके कोणाला भेटून येते, हा प्रश्नच आहे. सोबत असलेली मुले त्या क्षणी काय शिकतात, याचाही विचार व्हावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धीराचा उपदेश दुसऱ्याला करणे सोपे असते. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणाऱ्या समाजाने ती देवाची इच्छा मानली. ती देवाची नव्हती, आपली होती. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडले. पाऊस देवाच्या हाती असतो, दाराची कडी माणसाच्या. दोन्हींत गल्लत करून अन्यायाला ‘वेळ आली नाही’ म्हणणे हा धर्म नव्हे.

एकादशीला दर्शनाची रांग कित्येक तासांची होते. हजारोंना गाभारा गाठताच येत नाही. अशी माणसे चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर माथा टेकवतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परतीची एसटी धरतात. विठ्ठल भेटला का, असे विचारले तर ‘भेटला’ म्हणतात. घरी पोहोचल्यावर पहिली फेरी शेताकडे होते. पीक उगवून आले असेल तर पहिली कोळपणी समोर असते.