आधी वॉट मोजा, मग उडवा

इलेक्ट्रिक मॉडेल विमान शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी रिमोटच्या आधी वॉटमीटर देतो. मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ईएससीबद्दल दुकानदार सांगतो, ‘३० अँपिअरचा पुरेल’, आणि मुलं त्यावर विसंबतात. पण नऊऐवजी दहा इंची प्रोपेलर लावला की सगळं गणित फिरतं. पिच आणि फेरे तेच धरले, तर लागणारी शक्ती व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे एका इंचात जवळपास दीडपट! प्रत्यक्षात फेरे थोडे घटतात, तरी २४ अँपिअरचे ३२ सहज होतात.

विमान घट्ट बांधा, मीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडा, प्रोपेलरच्या मागे उभे राहा. बॅटरी पूर्ण भरलेलीच हवी: तीन सेलची लायपो तेव्हा १२.६ व्होल्टला असते, म्हणून आकडा सर्वांत मोठा येतो. थ्रॉटल काही सेकंदच पूर्ण उघडा.

माझी कॉलेजांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना आग्रहाची मागणी आहे: हा आकडा नोंदवल्याशिवाय कुणाला उडवू देऊ नका. रिसीव्हरला वीज बहुधा त्याच ईएससीतून मिळते. तो जळाला तर मोटरबरोबर विमान वळवणारे सर्व्होही थांबतात, आणि किलोभराचं विमान प्रेक्षकांवरही येऊ शकतं.