हत्यारांची पेटी: गाडा ओढणारी मोटर



गणेशोत्सव जवळ आला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो: "गणपतीच्या गाड्याला बॅटरीवरची मोटर बसवायची आहे. कोणती घ्यावी आणि कुठून?" प्रश्न रास्त आहे. १९६०-७०च्या दशकांत इथे आलेली जी मंडळी गाडा ढकलत आली, त्यांची सत्तरी उलटली. हौस तीच आहे, पण गुडघे ऐकत नाहीत.

दुकानात गेले की आपण 'हॉर्सपॉवर किती?' असे विचारतो. ओझे जड असेल तर आधी टॉर्क पाहावा, म्हणजे चाक फिरवणारा जोर. मूर्तीसह गाडा २०० किलोचा धरू. हॉलचा रॅम्प १२ फुटांना १ फूट चढतो. तिथे गाडा वर न्यायला साधारण २०० न्यूटन जोर लागतो. चाक ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर टॉर्क झाला ३० न्यूटन-मीटर. मिरवणुकीच्या संथ चालीला चाकाचे मिनिटाला ३२ फेरे पुरतात. हिशेब १०० वॅटचा. घर्षणात जाईल ते धरून २०० वॅट घ्या. २४ व्होल्टवर हे जेमतेम ८-९ अँपिअर होतात. गाडा हलताना मात्र क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट करंट लागतो. तेव्हा वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीलगत हवा.

वायपरची मोटर इथे पुरणार नाही. विंचची मोटर जोरदार खरी, पण काही मिनिटांत तापते. मग आणायची कुठून? जुन्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरमधून! खुर्ची आणि माणूस मिळून वजन जवळपास तेवढेच असते. दोन मोटरी, दोन्हींना गिअरबॉक्स आणि ब्रेक, सगळे तयार मिळते. प्रिन्सेस ऑटोचा सरप्लस विभाग, गराज सेल आणि स्थानिक जाहिराती चाळाव्यात.

या खुर्चीचे मूळ आपल्या ऑटव्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या, हातांनी चाके फिरवता न येणाऱ्या सैनिकांसाठी राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन यांनी ती घडवली. प्रत्येक बाजूच्या चाकाला वेगळी मोटर आणि हाताशी जॉयस्टिक, ही त्यांची रचना. त्यांचा नमुना १९५५ साली अमेरिकेला भेट दिला गेला.

आता महत्त्वाचे. या मोटरींचा ब्रेक वीज गेली की आपोआप लागतो. पण गाडा हाताने ढकलण्यासाठी एक खटका असतो. तो सोडलेला राहिला तर ब्रेक लागतच नाही, आणि उतारावर पुढे लेझीम खेळणारी मुले असतात! तेव्हा मूर्ती चढवण्यापूर्वी खटका तपासा. तेवढ्याच वजनाच्या पोत्यांनी रॅम्पवर एकदा चाचणी घ्या. बॅटऱ्या डीप सायकल जातीच्या, १२ व्होल्टच्या दोन, एकापुढे एक जोडा. कारची बॅटरी क्षणभराच्या स्टार्टसाठी असते, ती लवकर बसते. चार्जरवर सीएसएची खूण पाहा.

आणि एक विनंती. अशा घरगुती जोडणीवर माणूस बसवू नका. आई-वडिलांना खुर्ची हवी असेल तर डॉक्टरांशी बोला. ऑन्टारिओत सरकारी एडीपी योजना पात्र व्यक्तीला खर्चाचा ७५ टक्के भाग देते.

कुणाच्या बेसमेंटमध्ये जुनी खुर्ची धूळ खात असेल तर कार्यकारिणीला जरूर कळवा. बाप्पाच्या कामी येईल.