सीमेपलीकडचे उटनूर

नांदेडच्या बाजूने मुदखेड, भोकर, किनवट अशी स्थानके मागे टाकीत आगगाडी आदिलाबादला पोहोचते. तेथून मोटारीने गुडीहतनूर आणि इंद्रवेल्लीमार्गे पुढे गेले की डोंगरांच्या कुशीत उटनूर लागते. राज्य तेलंगणाचे, पाट्या तेलुगूच्या. मात्र बाजारात कान देऊन उभे राहिल्यास मराठी ऐकू येण्यास फारसा वेळ लागत नाही. मिरच्यांचा वाटा लावून बसलेली बाई गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करिते, शेजारणीशी गोंडीत बोलते आणि कचेरीतील शिपायाला तेलुगूत उत्तर देते. तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला आपण शहरात विद्वान म्हणतो. येथे तिला कोणी विचारीतसुद्धा नाही.

या गावाची हकीकत सांगावयाची तर गोंड राजांपासून आरंभ केला पाहिजे. चांद्याचे गोंड राज्य आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असते. ते 1751 साली नागपूरकर भोसल्यांनी घेतले. पैनगंगेच्या दक्षिणेकडील हा डोंगराळ मुलूख पुढे निजामाच्या ताब्यात गेला. तरी उटनूरला गोंड राजाचे घराणे राहिले आणि त्यांचा दगडी किल्ला गावात अजून उभा आहे. निजामी अमलात राजाला मान उरला, सत्ता मात्र जंगल खात्याची आणि महसुली अंमलदारांची झाली. गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या एक रान काही वर्षे कसून मग दुसऱ्या रानाकडे वळत. जमिनीचा कागद ठेवण्याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. राखीव जंगलाच्या खुणा पडू लागल्या तेव्हा ज्याच्याजवळ कागद नाही तो आपल्याच शेतात चोर ठरला. आणि ज्यांस कागद करून घेण्याची विद्या अवगत होती, ते सावकार व व्यापारी बाहेरून येऊन जमीनदार बनले.

याच दुःखातून कुमराम भीमूचे बंड उभे राहिले. भीमू हा आसिफाबादकडील गोंड तरुण. जल, जंगल आणि जमीन यांवर आपला हक्क आहे असे त्याचे म्हणणे. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी गोळ्या घालून त्याला ठार केले. आज त्या संपूर्ण जिल्ह्यालाच त्याचे नाव आहे. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा होऊ दिला गेला नाही, त्याच्या नावावर जिल्हा झाला!

बंडानंतर सरकारला जाग आली. ह्याच सुमारास क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. महायुद्ध सुरू झालेले, आणि त्याच्याजवळ पारपत्र जर्मनीचे. म्हणून इंग्रजांनी त्याला संस्थानाबाहेर जाण्यास बंदी केली. या बंदीचा उपयोग त्याने चांगला केला. उटनूरच्या पूर्वेस जैनूरजवळ मारलवाई नावाचे गोंड खेडे आहे. तेथे तो आणि त्याची पत्नी बेट्टी गवती छपराच्या घरात राहिली. त्यांनी गोंडी शिकून घेतली, लोकांच्या तक्रारी वहीत टिपल्या आणि त्या हैदराबादच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचविल्या. त्या प्रयत्नांतून पुढील काही वर्षांत हजारो आदिवासी कुटुंबांस जमिनीचे पट्टे मिळाले.

परंतु मला विशेष वाटते ते मारलवाईच्या शाळेचे. 1943 साली तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. संस्थानची भाषा उर्दू, शेजारची तेलुगू. तरी मुलांची पहिली पुस्तके छापली ती गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत. कारण साधे होते. या डोंगरांतील गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार मराठीतून चाले, आणि पलीकडील मध्यप्रांतातील त्यांचे सोयरेही देवनागरीच वाचीत. आपण ज्या अक्षरांत हे पान वाचीत आहा, त्याच अक्षरांत एका गोंड मुलाने प्रथमच आपल्या आईची भाषा कागदावर पाहिली. आपल्याकडील एक विद्वानही या कार्यात होते. सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून वाचकांस परिचित असेल. परंतु त्याआधी ते निजामाच्या राज्यात अधिकारी होते, आदिलाबादच्या गोंडांत त्यांनी काम केले, गोंडी आत्मसात केली आणि त्या लोकांविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. अंमलदाराने रयतेची भाषा शिकावी, ही गोष्ट तेव्हाही दुर्मिळ होती.

1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1956 साली भाषावार प्रांतरचना आली. किनवट मराठी मुलखात गेले, राजुराही गेले; उटनूर मात्र आंध्र प्रदेशात राहिले. गोंडांची भाषा ना मराठी ना तेलुगू, म्हणून त्यांस कोणी विचारले नसावे असे वाटते. एका कुळातील भाऊ एका बाजूस, तर सोयरे दुसऱ्या बाजूस. शाळांत तेलुगू आली आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. सीमेचा घोळ काही ठिकाणी आजही मिटलेला नाही: जिवती तालुक्याच्या कडेला अशी चौदा गावे आहेत की ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि तेथील मतदार दोन्हीकडे मतदान करीत आले आहेत.

असो. इतिहास पुष्कळ झाला. आता चुलीकडे वळू.

उटनूरच्या आसपासच्या खेड्यांत जुने अन्न म्हणजे ज्वारी. तिची भाकरी होते हे आपणांस सांगणे नको. परंतु गोंड घरात तिचा गटका अधिक. ज्वारी भरडावी, कण्या पाण्यात घट्ट शिजवाव्या आणि वरणाबरोबर किंवा रानभाजीबरोबर खाव्या. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील करून ठेवतात. शेतावरून आलेला माणूस प्रथम तीच पितो. गेल्या काही दशकांत कापसाने आणि सोयाबीनने ज्वारीची शेते व्यापली आणि स्वस्त धान्याच्या दुकानातून तांदूळ घरी आला. भाताने पोट भरते हे खरे. पण जात्यावरची ज्वारी गेली तशी अंगातली ताकदही गेली, असे म्हातारी माणसे म्हणतात, आणि तो केवळ म्हातारपणाचा कुरकुराट आहे असे मला वाटत नाही.

मोहाचे झाड तर या मुलखाचे दुसरे कोठारच. मार्च-एप्रिलात पहाटे फुले टपटप गळतात. ऊन चढण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुले वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. मोह म्हटले की आपल्या मनात एकदम दारू येते, आणि ती होते हेही खोटे नव्हे. तिने अनेक घरे बुडविली आहेत. पण वाळलेले फूल मूळचे अन्न आहे, गोड आहे, आणि टंचाईच्या दिवसांत त्याने लोक जगविले आहेत. बियांचे तेल निघते, ते स्वयंपाकालाही चालते. अलीकडे उटनूरच्या आदिवासी स्त्रियांच्या एका सहकारी संस्थेने मोहफुलांत गूळ, तीळ, शेंगदाणे घालून लाडू करण्यास आरंभ केला. रक्त कमी असलेल्या मुलींना व गरोदर स्त्रियांना ते देतात. एकाच फुलाचा हा दुसरा उपयोग आपल्या भगिनींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. वसईच्या बाजूस मोह फारसा नसला, तरी डहाणू-जव्हारकडील घरांस हे सहज करून पाहता येईल.

या लोकांच्या वर्षाचा मोठा आनंद दिवाळीच्या आधीचा. दंडारीचे पथक एका गावाहून दुसऱ्या गावी नाचत जाते. त्यात मोरपिसांचा प्रचंड मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी असतात. ज्या गावी जातील त्या गावाने त्यांस जेवू घालावयाचे, आणि पुढे आपले पथक त्यांच्याकडे न्यावयाचे. मारलवाईचे कनक राजू यांनी हा नाच आयुष्यभर शिकविला. 2021 साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि 2024 साली ते वारले.

मराठी वाचकांना याहून जवळची वाटेल अशी जात प्रधानांची. हे गोंडांचे भाट. किकरी नावाचे तीन तारांचे वाद्य गजाने वाजवीत ते गोंड कुळांच्या देवांच्या व पूर्वजांच्या कथा रात्र रात्र गातात. कथा गोंडीत, पण या प्रधानांच्या घरात बोलतात ती मराठी! गोंडांचा सारा पुराणइतिहास ज्यांनी तोंडपाठ जपला त्यांची मायबोली आपली, हे वाचून मी काही काळ थांबलो. पुढे नारनूर भागातील गुंजाळा गावी जुन्या गोंडी लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली, आणि 2018 साली त्या लिपीस संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात स्थान मिळाले. म्हणजे देवनागरीपूर्वीही येथे कोणी लिहीत होते.

दुःखाची एक तारीख टाळता येत नाही. 20 एप्रिल 1981. आपल्या पंचांगाप्रमाणे तो ईस्टरचा दुसरा दिवस, सोमवार. इंद्रवेल्लीचा बाजाराचा वार. जमिनीच्या पट्ट्यांसाठी आणि मालाच्या रास्त भावासाठी आदिवासी सभेला जमले होते. सभेस परवानगी नाकारली गेली आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा 13 सांगितला. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. तेथे स्मारकाचा स्तंभ आहे. आदिवासींची जमीन इतरांनी घेऊ नये असा कायदा 1959 पासून कागदावर होता आणि 1970 साली तो अधिक कडकही करण्यात आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सोमवारचा अर्थ कळतो. त्यानंतरही तंटा संपला नाही. तेलंगणात लंबाडा समाज आदिवासींच्या यादीत आहे, महाराष्ट्रात बंजारा नाही. म्हणून सीमा ओलांडून कुटुंबे आली, आणि शाळेतील जागा व नोकऱ्या यांवरून गोंड व लंबाडा यांच्यात 2017 च्या डिसेंबरात उटनूरलाच दंगा उसळला. दोन्ही बाजूंस गरीबच होते.

आता अखेरीस केसलापूरची नागोबाची जत्रा. ती पौष अमावास्येस भरते. मेस्राम कुळाचे लोक अनवाणी चालत जन्नारमजवळ गोदावरीवर जातात, कलशात पाणी भरून आणतात आणि देवाला स्नान घालतात. कुळ हजारोंचे, तरी स्वयंपाक ठरलेल्या 22 चुलींवरच होतो. ज्याची पाळी येईल त्याने थांबावे, भांडू नये. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी भेट याच वेळी घालून देतात. जुने देऊळ लहान होते. मेस्रामांनी आपसांत वर्गणी काढून दगडी देऊळ बांधले आणि ते 2022 च्या डिसेंबरात उघडले.

या जत्रेत हायमेनडॉर्फने 1942 साली एक प्रथा पाडली. डोंगरांतील लोक कचेरीत येत नाहीत, तेव्हा कचेरीनेच जत्रेत यावे. अधिकारी मांडवात बसतात आणि लोक उठून आपली गाऱ्हाणी सांगतात. यास दरबार म्हणतात. तो साहेब 1995 साली वारला. त्याच्या आधी 1987 साली बेट्टीबाई वारल्या होत्या. दोघांच्याही समाध्या मारलवाईत आहेत. दरबार अजून भरतो. मांडवाबाहेर अर्ज घेतलेल्या माणसांची रांग लागते, आणि त्या अर्जांत जमिनीचे अर्ज आजही असतात.