माती जुनी, पत्रा नवा

चित्रकलेविषयी दरबारी गवयाच्या मुलाने, त्यातही गाणे शिकवून पोट भरणाऱ्याने, का बोलावे असे रसिक विचारतील. पण जो वाद चित्रशाळेत अजून चालतो, तो आमच्या गाण्यात केव्हाच होऊन गेला आहे. पेटी परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले. ते १९७१ मध्ये थोडे किलकिले झाले. दरम्यान घरोघरचे विद्यार्थी पेटीवरच सूर शिकत राहिले.

चित्रकारांपुढे दोन आक्षेप येतात. एक म्हणतो, प्लॅस्टिकच्या पत्र्यावर रंगवले की परंपरा बुडाली. दुसरा म्हणतो, कुंभारकाम आणि काचचित्रे ही शोभेची कामे. त्यांत माणसाचे दुःख मावत नाही. दोहोंनाही आपल्या बडोद्यातच उत्तर मिळाले आहे.

के. जी. सुब्रमण्यन १९५१ पासून येथील कलाशाळेत शिकवीत. १९७१ साली पूर्व बंगालात कत्तल चालली असता त्यांनी भाजलेल्या मातीची उठावचित्रे केली. मातीची पोळी लाटावी, कापावी, दुमडावी, चिकटवावी, ही हाताची जुनीच रीत. पण तीतून बाहेर आले ते छातीवर बिल्ले मिरवणारे सेनापती आणि त्यांची विजयचिन्हे! शोभेचे त्यांत काय आहे? माती मांसासारखी फाटते, म्हणूनच ते क्रौर्य अंगावर येते.

पुढे त्यांनी उलट्या काचचित्राची रीत उचलली आणि काचेच्या जागी अक्रिलिकचा पत्रा घेतला. या कामात डोळा, दागिना, रेघ आधी, पार्श्वभूमी शेवटी. चुकलेली रेघ वरून रंग देऊन झाकता येत नाही. मैफलीत गेलेला सूर परत घेता येत नाही, तसेच. परंपरा काचेत नव्हतीच. ती या क्रमात आणि या शिस्तीत होती. पत्र्याने तिचे काही बिघडले नाही.

म्हणून नवे साहित्य खुशाल घ्यावे. हात मात्र कमावलेला असावा. आणखी एक गोष्ट. गरिबाचे दुःख रंगवणारा चित्रकार ज्या कुंभाराकडून रीत शिकला, त्याला मजुरी देऊन मागच्या दाराने पाठवीत असेल, तर त्याच्या समाजभानाला मी बेसूरच म्हणेन. आमच्यात गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतात. चित्रशाळांनी निदान प्रदर्शनाच्या पाटीवर कारागिराचे नाव लिहावे, आणि वर्गात त्याला शिक्षकाची खुर्ची द्यावी.